हवाबंद डब्याचा सल्ला अर्धवट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पुरवणीतला देशी बियाण्यांवरचा लेख वाचला. विषय मोलाचा, पण बियाणे 'हवाबंद डब्यात भरून थंड जागी ठेवावे' एवढ्यावर लेखकाने भागवले. वाळवायचे किती, ते कुठेच नाही. ओलसर बियाणे डब्यात कोंडले तर ते उघड्या पोत्यातल्यापेक्षा लवकर मरते! प्रमाणित बियाण्याच्या निकषात ज्वारीला साध्या पोत्यात १२ टक्के ओलावा चालतो. हवाबंद भरायची तर ८ टक्क्यांवर आणावी लागते. सोयाबीन तर ७ वर.

एवढ्या पोटतिडकीने लिहिते, कारण आमचे बियाणे असेच गेले. माझ्या सासूबाई गावरान जवारीची भरली कणसे वावरातूनच वेगळी काढत. दाणा दाताखाली कट्कन फुटला तरच मडक्यात भरत. चेपला तर पुन्हा उन्हात. खालीवर चाळलेली राख, मधे कडुनिंबाचा वाळला पाला, तोंड शेणमातीने लिंपलेले. त्या थकल्यावर एका कार्यालयाची माणसे वाण जतन करायला गावात आली, तेव्हा विश्वासाने आम्हीही दिले. त्यांनी भर श्रावणात, ऊन न दाखवता ते प्लॅस्टिकच्या पिशवीत भरले आणि टिनाच्या छपराखाली कपाटात ठेवले. पुढे अवकाळी पावसात घरची कणसे काळी पडली, म्हणून मागायला गेले तर पिशवीत आतून बुरशी, दाण्याला दाणा चिकटलेला. ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले; एकालाही मोड आला नाही. आमच्याकडे तो वाण आता नाही. कोणी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही.

लेखासोबत नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या बीजकोठाराचा मोठा फोटो होता. तिथे उणे १८ अंश तापमान असते हे खरे, पण बियाणे आधी वाळवून, पाकीटबंद करूनच तिथे पाठवतात. ओलावा एक टक्का उतरला की बियाण्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते, असा ढोबळ नियम आहे. थंड खोली आमच्या गावात कुठून येणार? ऊन मात्र भरपूर आहे. फक्त भर दुपारी तापल्या स्लॅबवर बियाणे टाकू नये, आणि सोयाबीन आपटू नये, त्याचे साल फार नाजूक असते. हे छापायला हवे होते. राष्ट्रीय पादप आनुवंशिक संसाधन ब्यूरोचे केंद्र आपल्या अकोल्यात आहे. तिथल्या जाणकारांना विचारून पूर्ण माहिती द्यावी, आणि ती उन्हाळ्यातच द्यावी, मृग तोंडावर आल्यावर नको.

आणखी एक. बियाणे कंपन्यांच्या अर्ध्या पानाच्या जाहिराती तुम्ही छापता. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या होत्या. त्या शेतकऱ्यांना भरपाई मिळाली की नाही, हेही एकदा तेवढ्याच जागेत छापा.

– एक शेतकरी वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ