अननसाचा काढा आणि आईची बोटे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पाठवलेले वहीच्या पानाचे छायाचित्र मी मोठे करून दोनदा वाचले. डावीकडे तारीख, मधल्या रकान्यात ‘अननसाचा काढा, १ पेला’ आणि उजवीकडे दुखण्याला दहापैकी गुण, पहिल्या दिवशी सात आणि अठराव्या दिवशी चार. गणिताच्या शिक्षकाने स्वतःच्या गुडघ्यालाही उत्तरपत्रिकेसारखे तपासावे याचे हसू आले आणि कौतुकही वाटले. पण पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘गोळी बंद, दिवस ११’ असेही लिहिलेले दिसले. कोणती गोळी, हे मात्र लिहिलेले नव्हते. म्हणून हे फोनवर आटोपण्यासारखे नाही असे वाटून लिहायला बसले.

अननसाचा आणि सांधेदुखीचा संबंध कोणी हवेतून काढलेला नाही, हे आधी मान्य करते. व्हेनेझुएलाचे रसायनशास्त्रज्ञ व्हिसेन्ते मार्कानो यांनी १८९१ मध्ये अननसाच्या रसातून प्रथिने तोडणारे विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळे केले. आज ज्याला ब्रोमेलेन म्हणतात ते हेच, आणि ते एक विकर नसून अनेक विकरांचे मिश्रण आहे. फळापेक्षा झाडाच्या जाड खोडात ते कितीतरी अधिक असते, हे १९५७ च्या सुमारास लक्षात आल्यावर, फळे काढून झाल्यावर वाया जाणाऱ्या खोडांपासून त्याची पूड बनू लागली. प्रयोगशाळेतील आणि प्राण्यांवरील प्रयोगांत या पुडीने सूज आणणाऱ्या काही द्रव्यांचे प्रमाण घटलेले दिसले. भाजलेल्या जखमेवरची मृत त्वचा विरघळवून काढण्यासाठी ब्रोमेलेनपासून केलेले औषध युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये रीतसर मान्य झाले. तेव्हा या फळात काही नाही असे मी म्हणत नाही. प्रश्न आहे तो तुमच्या पेल्यात त्यातले किती उरते याचा.

कारण तुम्ही ते उकळता. फोडी आणि मधला कडक दांडा पाण्यात घालून वीस मिनिटे मंद आंचेवर ठेवता, असे आईने सांगितले. ब्रोमेलेन हे स्वतः एक प्रथिनच आहे आणि उकळत्या पाण्यात ते निकामी होते. याची खात्री करून घ्यायला पुस्तक उघडण्याचीही गरज नाही, आईला विचारा. दुधात कच्चा अननस घातला की थोड्या वेळाने ते कडवट लागते, म्हणून ती तो आधी शिजवून घेते. हे मी लहानपणापासून पाहत आले, पण त्यामागचे कारण मला आत्ता समजले. कच्च्या फळातले विकर दुधातली प्रथिने तोडते आणि त्या तुकड्यांची चव कडू असते, तर शिजवलेल्या फळातले विकर मेलेले असते. परवा मी दोन वाट्यांत दूध घेऊन, एकीत कच्च्या आणि दुसरीत उकळलेल्या फोडी टाकून, अर्ध्या तासाने दोन्हींची चव पाहिली. पहिल्या वाटीतले दूध फाटल्यासारखे झाले होते आणि त्याचा कडवटपणा जिभेच्या मागच्या भागावर बराच वेळ राहिला. दुसऱ्या वाटीत नुसते आंबटगोड दूध होते. तुमचा काढा म्हणजे ही दुसरी वाटी, बाबा. तो चवीला चांगला असेल, पण ज्याच्यासाठी तुम्ही तो पिता ते त्यात नाही.

मग गुण सातावरून चारावर कसे आले, असे तुम्ही विचाराल. झिजलेल्या गुडघ्याचे दुखणे एका पातळीवर राहत नाही, ते चढते आणि उतरते. माणूस नवा उपाय सुरू करतो तो बहुधा दुखणे सर्वांत वर असताना, त्यामुळे त्यानंतर त्याने जे काही घेतले असेल त्याला उताराचे श्रेय मिळते. शिवाय आपण काहीतरी करत आहोत या समाधानानेही दुखणे खरोखर कमी जाणवते, त्यात खोटेपणा नसतो. म्हणूनच औषधाच्या चाचणीत काही जणांना तशीच दिसणारी, पण औषध नसलेली नुसती गोळी देतात. २००२ मध्ये किरकोळ गुडघेदुखी असलेल्या, एरवी निरोगी माणसांना महिनाभर रोज २०० किंवा ४०० मिलीग्रॅम ब्रोमेलेन देऊन पाहिले. दोन्ही गटांना बरे वाटले, पण तिथे नुसत्या गोळीचा गट नव्हता. २००६ च्या चाचणीत तो होता. गुडघ्याची मध्यम ते तीव्र झीज असलेल्या ४७ जणांपैकी काहींना १२ आठवडे रोज ८०० मिलीग्रॅम ब्रोमेलेन आणि बाकीच्यांना नुसती गोळी दिली, आणि शेवटी दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही. दुसऱ्या बाजूनेही एक पुरावा आहे, तो लपवत नाही. २००४ मध्ये १०३ रुग्णांवर सहा आठवडे झालेल्या चाचणीत ब्रोमेलेन, ट्रिप्सिन आणि रुटिन यांची एकत्रित गोळी डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाच्या तोडीची ठरली. पण ती तीन घटकांची, मोजून बनवलेली गोळी होती; ताटातली फोड नव्हे आणि काढा तर नव्हेच.

आता त्या ‘गोळी बंद’ विषयी. ती दुखण्याची गोळी असेल तर फारसे बिघडले नाही, उलट तुमच्या वयात ती जितकी कमी तितके जठराला आणि मूत्रपिंडाला बरे. फक्त डॉक्टरांना सांगून ठेवा. पण मागच्या महिन्यात तुम्ही सहज म्हणाला होता की अननसाने रक्त पातळ राहते असे वाचले, आणि ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. तुम्ही जर हृदयाच्या त्रासानंतर सुरू झालेली, रक्त पातळ ठेवण्याची गोळी बंद केली असेल, तर तिची जागा कोणतेही फळ घेऊ शकत नाही. हे पत्र मिळेल त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, आणि मनानेच दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करू नका. ती गोळी चालू असेल तर ब्रोमेलेनच्या कॅप्सूल परस्पर आणू नका, कारण दोन्ही मिळून रक्तस्राव वाढू शकतो. अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन यांसारखी प्रतिजैविके चालू असतानाही ती पूड विचारूनच घ्यायची असते, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर साधारण दोन आठवडे आधी बंद करायची असते.

फळ मात्र खुशाल खा. १०० ग्रॅम अननसात सुमारे ५० कॅलरी आणि ४८ मिलीग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असते. आई, तुझ्यासाठी एवढेच की त्यातच सुमारे १० ग्रॅम साखरही असते, म्हणून रसाचा पेला नको. दोन-तीन फोडी चावून खा, म्हणजे चोथाही पोटात जाईल. रिकाम्या पोटी खाऊन छातीत जळजळ झाली तर जेवणानंतर खा.

गुडघ्यासाठी ज्या गोष्टींचा पुरावा खरोखर भक्कम आहे त्या नीरस आहेत, म्हणून त्यांची चर्चा होत नाही. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळकटी आणणारा व्यायाम, वजन थोडे उतरवणे आणि दुखऱ्या जागी लावायचे औषधी मलम. शरीराचे एक किलो वजन उतरले की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो, हे गणित तर तुम्हाला आवडायलाच हवे. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजायचे आणि खाली आणायचा. वहीत एक रकाना याचाही आखा. मलमसुद्धा डॉक्टरांना विचारूनच लावा, कारण तुमची दुसरी गोळी त्यांना ठाऊक आहे.

आणि आई, हे पत्र खरे तर तुझ्यासाठी आहे. बाबांच्या गुडघ्याची एक वही भरत आली, पण तुझ्या बोटांविषयी कोणी एक ओळ लिहिलेली नाही. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा तुझी अंगठी निघत नव्हती. बरणीचे झाकण उघडायला तू बाबांना हाक मारलीस, आणि दहा वाजेपर्यंत हात असेच आखडलेले असतात हे तू पाठमोरी होऊन, ओट्याकडे बघत सांगितलेस. मी डॉक्टर नाही, पण एवढे वाचले आहे की झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातो. तो तासाहून अधिक टिकत असेल आणि दोन्ही हातांची तीच तीच पेरे सुजत असतील, तर ते वेगळे दुखणे असू शकते. त्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्यांच्या आवरणावर हल्ला करते, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना ते दोन ते तीन पट अधिक होते.

हा भेद मी इतक्या आग्रहाने का सांगते, तर बाबांचा गुडघा महिनाभर काढ्यावर थांबला तरी फार नुकसान नाही, पण तुझी बोटे थांबू शकत नाहीत. या आजारात सांध्याची एकदा झालेली मोडतोड भरून येत नाही, आणि तिला आवर घालणारी औषधे, त्यांत मेथोट्रेक्सेट हे प्रमुख, जितकी लवकर सुरू होतील तितका सांधा वाचतो. रक्ताच्या काही तपासण्या आणि हातांचे एक्स-रे, एवढ्यावर पुष्कळसे कळते. तसे काही नाही असे निघाले, तर मी तुमच्या दोघांची बोलणी आनंदाने खाईन. तूही बाबांबरोबर काढा पितेस आणि ‘बरे वाटते’ म्हणतेस, पण तुझे बरे वाटणे मी लहानपणापासून ओळखते. ताप असतानाही तू तेच म्हणत असायचीस.

संधिवाततज्ज्ञांची वेळ मी येत्या पंधरवड्यात घेते आणि दोन दिवस आधी येते. तोपर्यंत बाबा, वहीचे एक कोरे पान आईच्या नावाने काढा. सकाळी उठल्याची वेळ आणि मूठ पूर्ण मिटली ती वेळ, हे दोनच रकाने पुरेत. भरायचे मात्र तुम्ही, तिला भरायला दिलेत तर ती सगळीकडे शून्य लिहील. आणि आज संध्याकाळी तुमच्या गोळ्यांच्या डब्यातली सगळी पाकिटे, रिकामी असतील तीही, टेबलावर मांडून त्यांचे छायाचित्र पाठवा. नावे वाचता येतील इतके जवळून.

तुमची लेक