ऑटिझमचा रकाना कोणता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑटिझमला मानसिक आजार म्हणावे की वाढीतला वेगळेपणा, यावर आपल्या पत्रव्यवहारात चाललेली चर्चा वाचतो आहे. एका डॉक्टर वाचकांचे म्हणणे असे की निदानाची पुस्तकेच मनोविकारांची आहेत, म्हणजे ऑटिझम मानसिक आजारच, मग वाद कशाला? मी डॉक्टर नाही. विमा कंपनीच्या क्लेम विभागात हयात गेली आणि सख्ख्या भाच्याला ऑटिझम आहे, एवढाच माझा अधिकार.

डॉक्टरसाहेबांचे निम्मे बरोबर आहे. १९४३ साली बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ऑटिझमच्या ११ मुलांची हकिकत छापली. ते मुलांचे मानसोपचारतज्ज्ञच होते. १९६८ च्या डीएसएममध्ये, म्हणजे मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकन यादीत, तर ही मुले बालपणीच्या स्किझोफ्रेनियात जमा झाली. आई मायेने जवळ घेत नाही म्हणून मूल असे होते, हेही त्या काळात पदवीधर लोक सांगत. किती आयांनी ते निमूट ऐकून घेतले असेल! १९७७ मध्ये फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही भावंडांना ऑटिझम निघाला, वेगवेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत एकीतही नाही. म्हणजे कारण बऱ्याच अंशी अनुवंशाचे. दोष आईच्या मांडीवरून उठला तो असा. १९८० च्या यादीत ऑटिझम स्किझोफ्रेनियातून बाहेर पडून वाढीच्या विकारांत आला आणि २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये मेंदूच्या विकासाशी निगडित विकारांच्या प्रकरणात. जागतिक आरोग्य संघटनेची जानेवारी २०२२ पासून लागू झालेली आजारांची यादी आयसीडी-११ हीसुद्धा तेच करते. पुस्तक मनोविकारांचे खरे, पण प्रकरण विकासाचे आहे.

घरात पाहिले तरी तेच दिसते. आमचा भाचा चांगला होता आणि मग बिघडला, असे कधी झालेच नाही. तो पहिल्यापासून असाच. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवशी, सगळी गच्ची 'काय पो छे' करून ओरडत असते, तेव्हा हा कानांवर जाड हेडफोन चढवून टाकीच्या आडोशाला बसतो आणि तुटून आलेला मांजा रंगांप्रमाणे वेगळा करून फिरकीवर गुंडाळतो. गाठ आली तर तोडत नाही, सोडवतो. आता तो माझ्या एका मित्राच्या छापखान्यात कंकोत्र्या (लग्नपत्रिका) मोजून शंभर-शंभरचे गठ्ठे बांधतो. त्याच्या गठ्ठ्यात नव्व्याण्णव निघाल्याचे मालकाने अजून पाहिलेले नाही. यावर औषध कुठले देणार आणि का द्यावे?

कायदाही याच बाजूचा आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात ऑटिझम एकीकडे आणि मानसिक आजार दुसरीकडे, असे वेगळे कलम आहे. (ऑटिझमला तिथे बौद्धिक अक्षमतेच्या मथळ्याखाली घातले आहे, ते मला मुळीच पटत नाही, पण तो वाद पुन्हा कधी.) प्रमाणपत्रासाठी आयएसएए नावाची ४० प्रश्नांची मोजणी असते. डोळ्याला डोळा देतो का, हसल्यावर हसतो का, अशी सुरुवात होते. गुण ४० ते २०० आणि ७० पासून पुढे ऑटिझम.

इथवर मी 'विकासात्मक' गटाचा, आणि पक्का. पण गेल्या पावसाळ्यात भाच्याने छापखान्यात जाणे बंद केले. जेवण सुटले, रात्रभर खोलीत येरझारा. ज्यांना दाखवले त्यांनी एका वाक्यात वाटेला लावले: ऑटिझममध्ये हे असायचेच. का असायचे? वीस-बावीस वर्षे नव्हते ते! कारेलीबागेतल्या मानसिक रुग्णालयाचे नाव काढले की बहीण पदराला हात पुसत आत निघून जायची. "माझा मुलगा वेडा नाही रे दादा," एवढेच म्हणायची. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच्यासमोर कागद ठेवला आणि बोलण्याऐवजी लिहायला सांगितले. त्याने लिहिले, "मशीन बदलले. नवीन आवाज. झोप नाही. जगायचे नाही." हे नैराश्य होते. दवाखान्यात ठेवावे लागले, औषधे दिली, छापखान्यात त्याचे टेबल मागच्या खोलीत हलवले. दिवाळीपर्यंत तो पुन्हा गठ्ठे बांधू लागला.

आणि मग विमा. ज्या पोरासाठी लहानपणी एका शाळेने 'मेंटल केस आहे' म्हणून प्रवेश नाकारला होता, त्याच पोराचा क्लेम कंपनीने 'जन्मजात विकासात्मक स्थिती' म्हणून नाकारला. शाळेला मानसिक रकाना सोयीचा होता, कंपनीला विकासाचा. क्लेम तर नैराश्याच्या उपचाराचा होता, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम २१(४) स्पष्ट म्हणते की मानसिक आजाराच्या उपचारासाठी विमा शारीरिक आजाराच्याच धर्तीवर द्यावा.

म्हणून डॉक्टरसाहेबांना आणि त्यांच्या विरुद्ध लिहिणाऱ्या पालकांनाही सांगणे एकच. ऑटिझम विकासाच्याच रकान्यात राहू द्या. पण ऑटिझम असलेल्याला चिंता, नैराश्य, निद्रानाश झाला तर त्याचे निदान केसपेपरवर वेगळ्या ओळीत, स्वतंत्र नावाने लिहा. आमच्या डिस्चार्ज कार्डावर पहिला शब्द ऑटिझम होता आणि नैराश्य खाली कंसात. क्लेम बघणारा कंसापर्यंत पोचतच नाही, हे मी तीस वर्षे त्या खुर्चीत बसून सांगतो. आणि पालकांनी 'मानसिक' या शब्दाच्या धास्तीने मानसोपचारतज्ज्ञाचे दार टाळू नये.

ज्यांचे क्लेम असे परत आले असतील त्यांनी फोनवरच्या उत्तरावर थांबू नये, नकाराचे कारण लेखी मागावे. आधी कंपनीकडे तक्रार करायची. महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही तर अहमदाबादच्या विमा लोकपालांकडे जाता येते, वकील लागत नाही. आमचा अर्ज सध्या तिथेच आहे.

आपला,
एक निवृत्त विमा कर्मचारी
दांडिया बाजार, बडोदे