ऑक्सिजन 84, बाकी सगळं ठीक

ओश, किर्गिझस्तान

ती. आई-अप्पा आणि आजी यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोन मधेच तुटला आणि आईच्या डोक्यात एवढंच राहिलं की पोरगी बर्फात जाऊन आली. म्हणून सविस्तर लिहिते. दादाने प्रिंट काढून आजीला मोठ्याने वाचून दाखवावं, मधलं काही न गाळता.

आम्ही गेलो होतो लेनिन शिखराच्या पायथ्याशी, शिखरावर नव्हे. शिखर 7,134 मीटरचं आहे. त्याला दोर, बर्फातले बूट, आठवडे आणि पुष्कळ पैसे लागतात. आमच्यासारखे लोक 4,400 मीटरवरच्या पहिल्या कॅम्पपर्यंत जातात आणि मागे फिरतात. सोबत लातूरची माझी रूममेट, नांदेडचा आमचा एक बॅचमेट आणि इथलीच एक किर्गिझ मैत्रीण होती. तिचे मामा घोडेवाले, त्यामुळे सामान घोड्यावर आणि पोरं निवांत.

ओशहून पामीर हायवे धरायचा. वाटेत ताल्दिक खिंड लागते, 3,615 मीटरची. अप्पा, कळसूबाई 1,646. शिड्या धरून, घाम गाळून आपण जिथे पोचतो त्याच्या दुप्पट उंचीवरून आमची गाडी गाणी लावून पार झाली! पुढे सारी-ताशला उजवीकडे वळलं की अलाय खोरं. सपाट, झाड म्हणून नाही, आणि दक्षिणेला या टोकापासून त्या टोकापर्यंत बर्फाचे डोंगर. मधून किझिल-सू नदी वाहते, आपल्या प्रवरेला पहिल्या पुराचं पाणी येतं तशी लाल. हेच पाणी पुढे वख्श नदीतून अमू दर्याला जाऊन मिळतं.

पायथ्याचं कुरण आचिक-ताश, 3,600 मीटरवर. उन्हाळ्यात मेंढपाळ कुटुंबं युर्त लावून तिथे राहतात. युर्त म्हणजे लाकडी सांगाड्यावर लोकरीचं नमदं गुंडाळलेलं गोल घर. मामांच्या नात्यातल्या एका आजींनी आम्हाला कुमीस दिलं. घोडीचं आंबवलेलं दूध, आंबट आणि जरा धुरकट. मी एक वाटी संपवली, दुसरीला हात जोडले, तरी दुसरी आलीच. आजी, तुझं आणि त्यांचं छान जमेल.

आता मुख्य गोष्ट. आई, तू थंडीचं विचारतेस, पण त्रास थंडीचा नसतो, श्वासाचा असतो. वर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तेच असतं, 21 टक्के. पण हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने साठ टक्क्यांहूनही कमी, त्यामुळे प्रत्येक श्वासात हाताला लागतं थोडंच. कोविडमध्ये अप्पांनी आणलेलं ते बोटाला लावायचं यंत्र आठवतंय ना? 94 च्या खाली आकडा गेला की घरात धावपळ. कॅम्पवर माझा आकडा 84 होता आणि मी बसून सूप पीत होते. तिथे तो आकडा नेहमीचाच. शरीर आधी नुसतं भराभर श्वास घेतं, मग रक्तातली आम्लता बिघडते, मग मूत्रपिंडं दोन-चार दिवस बसून ती दुरुस्त करतात. या दोन-चार दिवसांची घाई केली की माणूस आजारी पडतो. ॲसिटाझोलामाइडची गोळी मूत्रपिंडांचं हे काम लवकर उरकायला मदत करते. परीक्षेला हे सगळं घोकलं होतं. पण त्या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि कोल्ड्रिंक बेचव, गॅस गेल्यासारखं लागतं, हे तिथे प्यायल्यावरच पटलं.

रात्री रूममेट झोपेत चार-पाच मोठे श्वास घ्यायची आणि मग एकदम थांबायची. काही सेकंद काहीच नाही. पुन्हा मोठा श्वास. उंचीवर बहुतेकांचं असं होतं हे मला माहीत होतं, तरी मी कोपरावर टेकून मोजत बसले होते.

नांदेडकराला पहिल्याच संध्याकाळी डोकेदुखी आणि उलटी. तंबूच्या दोरीला समांतर, टाचेला बोटं लावत चालायला लावलं. सरळ चालला, म्हणजे मेंदूला सूज नसावी. पण सकाळीही डोकं तसंच म्हटल्यावर मामांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि घोड्याचा पट्टा आवळला. मामांनी पुस्तक वाचलेलं नाही, पण पुस्तकातही पहिला उपाय तोच आहे, खाली उतरवा. आचिक-ताशला पोचून त्या पठ्ठ्याने संध्याकाळी दोन ताटं पुलाव खाल्ला.

हिमनदीबद्दल माझी कल्पना पार चुकली. मला वाटलं होतं निळं-पांढरं काहीतरी चकचकीत असेल. प्रवासी खिंडीवरून (सुमारे 4,150 मीटर) खाली पाहिलं तर दगडांचा ढीग, खाणीजवळ राडारोडा टाकतात तसा, मैलोनमैल. डोंगरांवरून ढासळलेले दगड बर्फाच्या पाठीवर बसून हळूहळू खाली येत असतात. काठीने दगड बाजूला केले की खाली काळपट, ओला बर्फ. दगडांचा थर जाड असेल तर बर्फाला ऊन लागत नाही. नुसती पातळ माती पसरलेली असेल तर ती तापते आणि बर्फ उलट लवकर वितळतो. म्हणून तिथे एक गंमत दिसते. जेवणाच्या टेबलाएवढा सपाट धोंडा कमरेएवढ्या बर्फाच्या खांबावर उभा. आजूबाजूचा बर्फ वितळून गेला, धोंड्याच्या सावलीतला तेवढा राहिला. मी खाली वाकून त्या खांबाला हात लावला. आत बारीक बुडबुडे होते, एका बाजूने थेंब थेंब पाणी गळत होतं. ती बाजू दक्षिणेची, आणि धोंडाही तिकडेच कललेला. एक दिवस तो तिकडेच पडणार.

हिमनदीचं पाणी सकाळी कमी आणि दुपारनंतर वाढतं, म्हणून ओढा ओलांडायचा तो सकाळीच. हा नियम मामा कुणासाठी मोडत नाहीत. एक युरोपियन जोडपं दुपारी निघायचं म्हणत होतं, त्यांना सरळ बसवून चहा पाजला.

आता आईला न आवडणारा भाग. हा डोंगर तांत्रिकदृष्ट्या सोपा म्हणतात, आणि त्यानेच माणसं फसतात असं माझं मत. 1974 मध्ये सोव्हिएत गिर्यारोहक एल्विरा शाताएवा आणि तिच्या गटातल्या मिळून आठही बायका शिखराजवळ वादळात गेल्या. 13 जुलै 1990 ला भूकंपाने बर्फाचा कडा कोसळला आणि दुसऱ्या कॅम्पवरची 43 माणसं गाडली गेली. आम्ही पहिल्या कॅम्पच्या वर एक पाऊलही टाकलं नाही, हे मामांना विचारून खात्री करता येईल. त्यांना मराठी येत नाही एवढीच अडचण.

नावाचंही ऐका. झारच्या काळात हे कॉफमन शिखर, रशियन तुर्कस्तानच्या, म्हणजे इथल्याच मध्य आशियाई प्रांताच्या, गव्हर्नरच्या नावाने. 1928 मध्ये लेनिन. 2006 मध्ये ताजिकिस्तानने त्यांच्या बाजूने त्याचं नाव इब्न सीना ठेवलं. हा बुखाऱ्याजवळ जन्मलेला वैद्य, ज्याचा ग्रंथ युरोपातल्या विद्यापीठांत कित्येक शतकं शिकवला जात होता. आम्हा डॉक्टरकीच्या पोरांना अर्थातच तेच नाव पसंत. मामा मात्र म्हणतात, आम्ही लेनिनच म्हणणार, गिऱ्हाईक त्याच नावाने येतं.

बाकी खुशाल. नाकाची साल निघाली आहे, फोटोत दिसेल, घाबरू नका. पुण्याहून एक ज्युनियर सप्टेंबरमध्ये येतोय. त्याच्याजवळ मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी द्या. लोणचं नको, मागच्या वेळी अर्धी बॅग तेलकट झाली होती. आजीने गुडघ्याला पट्टा बांधूनच देवळात जावं. आणि अप्पा, साखरेचा रिपोर्ट पाठवा, उपाशीपोटीचा आणि जेवणानंतरचा, दोन्ही. 'नॉर्मल आहे' असं नुसतं कळवू नका, आकडे पाठवा.

तुमची
ताई