याला मौन म्हणत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीत शिकलेल्या बेंजामिन डेव्हिस यांच्यावरचा लेख वाचला. लेखकाने कष्ट घेतले आहेत, नाही म्हणत नाही. पण १९३२ ते १९३६ अशी चार वर्षे बरोबरच्या कॅडेटांनी या कृष्णवर्णीय मुलाशी कामापलीकडे चकार शब्द काढला नाही, त्याला त्यांनी 'सहाध्यायींचे मौन' म्हटले आहे. मौन आमच्या सौ. गुरुवारी पाळतात. याला मराठीत वाळीत टाकणे म्हणतात. शब्द काही दुर्मीळ नाही, आपल्याकडे त्याविरुद्ध २०१६चा कायदा आहे.

खोलीत एकटा, जेवायला बसला की भोवती सगळे आणि बोलायला कोणी नाही. तरी २७६ जणांत ३५वा आला. आणि गंमत पाहा, त्याच मुलांच्या वार्षिकांकात छापून आले की याने सहाध्यायींचे मनापासून कौतुक मिळवले! एवढे कौतुक होते तर चार वर्षांत एकदा 'गुड मॉर्निंग' म्हणायला काय जात होते? लेखाचा सगळा भर डेव्हिस किती खंबीर यावर. होतेच ते खंबीर. उरलेल्या २७५ जणांचे काय?

मला हे बोचते, कारण मीही उरलेल्यांतलाच.

सत्तरच्या दशकात मी एका सैनिकी निवासी शाळेत होतो. नाव लिहीत नाही. आमच्या तुकडीत मणिपूरचा एक मुलगा होता. रॅगिंग सगळ्यांचेच व्हायचे, पण आमचे दिवाळीला संपले, त्याचे चालूच राहिले. नाकाडोळ्यांवरून त्याला काय म्हणत ते आपण छापणार नाही. मग वरच्या वर्गाने फर्मान काढले, याच्याशी बोलायचे नाही. एका रात्री मेसमध्ये त्याने माझ्याकडे मीठ मागितले. वाटी माझ्या कोपराशी होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो. तो उठला, लांबलचक टेबलाला वळसा घालून आला, चिमूटभर मीठ घेतले आणि जागेवर जाऊन बसला. अख्ख्या मेसमध्ये तोंड उघडले ते एका वाढप्याने. "हात मोडले काय रे तुमचे?" वॉर्डनसाहेबांनी दटावले ते त्यालाच. अशाने पोरे कणखर होतात म्हणे! तो मुलगा पुढच्या सत्राला आला नाही. मी आलो.

ता. क. लेखासोबतचा फोटो मुलाचा नसून वडिलांचा आहे. दोघांचे नाव एकच आणि दोघेही पहिले कृष्णवर्णीय जनरल. वडील १९४० साली अमेरिकेच्या लष्करात, मुलगा १९५४ साली हवाई दलात. मुलगा वैमानिक होता, एवढ्यावरून तरी ओळखता आले असते. आणि शब्दकोड्याची उत्तरे गेले दोन रविवार आलेली नाहीत.

एक जुना वाचक,
वाई