सौर यंत्रणा बसवणारा हाकेच्या अंतरावरचा हवा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

घराच्या छतावर सौर यंत्रणा बसवून देणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पानभर जाहिराती अलीकडे सर्वच वृत्तपत्रांत दिसतात, आणि या विषयावरच्या लेखांतही चर्चा असते ती पॅनेलची कार्यक्षमता, 25 वर्षांची हमी आणि वीजबिलातील बचत यांचीच. ही पॅनेल छतावर कोण बसवणार, आणि सातव्या-आठव्या वर्षी काही बिघडले तर पुन्हा छतावर कोण चढणार, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. घरगुती ग्राहकाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे, आणि त्याचे उत्तर बहुतेक वेळा आपल्याच भागात काम करणारा छोटा व्यावसायिक हे असते, असे माझे मत आहे. 'बहुतेक वेळा' हे शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे, कारण या मतामागे काही अटी आहेत.

पॅनेल ही आता कुणाची मक्तेदारी राहिलेली नाही. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1954 मध्ये सिलिकॉनचा पहिला उपयुक्त सौर घट दाखवला, तेव्हा त्याची कार्यक्षमता सुमारे 6 टक्के होती. आज बाजारात सहज मिळणारी पॅनेल 20 टक्क्यांच्या पुढे आहेत आणि त्यांची क्षमता वर्षाला साधारण अर्धा टक्का या संथ गतीने घटते. तेच पॅनेल मोठी कंपनीही देते आणि छोटा व्यावसायिकही देतो. फरक पडतो तो पॅनेलच्या मागे: जोडण्या, केबल, अर्थिंग, सांगाडा आणि छताला पाडलेली भोके. जाहिरातीतली 25 वर्षांची हमी सहसा पॅनेलच्या वीजनिर्मितीपुरती असते आणि ती उत्पादकाची असते. पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या इन्व्हर्टरची हमी वेगळी आणि बरीच कमी मुदतीची असते. बसवण्याच्या कामाची हमी बसवणाऱ्याची, आणि ती किती वर्षांची हे अनेकदा करारात शोधावे लागते. घरात पाणी गळू लागले, तर त्यातली पहिली हमी काहीही कामाची नाही.

छतावर प्रत्यक्ष काय बिघडते ते पाहू. दोन पॅनेलच्या केबल ज्या जोडणीने एकमेकींत बसतात, तिचे नर आणि मादी हे दोन्ही भाग एकाच उत्पादकाचे आणि एकाच प्रकारचे असावे लागतात. वेगवेगळ्या उत्पादकांचे भागही एकमेकांत बसतात, 'टक्' असा आवाजही येतो, पण आतल्या धातूचा स्पर्श पुरेसा घट्ट नसला की तेथील विद्युत रोध वाढतो, जोडणी तापते आणि काही काळाने प्लास्टिक वितळू लागते. घरगुती यंत्रणेतही ओळीने जोडलेल्या पॅनेलचा दाब काहीशे व्होल्ट असू शकतो, आणि हा प्रवाह डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा असतो. घरातल्या विजेचा, सतत दिशा बदलणारा एसी प्रवाह सेकंदाला 100 ते 120 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे त्याची ठिणगी विझण्याची शक्यता तरी असते. डीसीची ठिणगी एकदा धरली की सहजासहजी सुटत नाही. हलक्या प्रतीच्या प्लास्टिक पट्ट्यांनी केबल बांधल्या असतील तर त्या उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात, केबल लोंबते आणि वाऱ्याने सांगाड्याच्या धारेवर घासत राहते. काम झाल्यावर छायाचित्र काढले जाते ते वरून, चकाकणाऱ्या काचेचे. या सगळ्या गोष्टी खालच्या बाजूला असतात.

अशा घासलेल्या केबलचा बिघाड पहिल्या दिवशी कळतच नाही. इन्व्हर्टर रोज सकाळी सुरू होण्याआधी केबलचे इन्सुलेशन, म्हणजे वीज बाहेर झिरपू न देणारे आवरण, तपासतो आणि ते कमी भरले तर चालू होण्यास नकार देतो. पावसानंतरच्या ओल्या सकाळी तो दोष दाखवतो, आणि दुपारी सर्व वाळले की काही घडलेच नव्हते असा चालू लागतो. दूरच्या कॉल सेंटरकडे तक्रार नोंदवली, त्यांनी तीन दिवसांनी भरदुपारी माणूस पाठवला, तर त्याला सगळे ठाकठीक दिसणार आणि 'दोष आढळला नाही' असा शेरा मारून तो जाणार. जवळचा माणूस ओल्या सकाळीच येऊ शकतो, पॅनेलची एकेक ओळ सुटी करून मेगर या इन्सुलेशन मोजणाऱ्या उपकरणाने तपासू शकतो. माझ्या मते छोट्या स्थानिक व्यावसायिकाच्या बाजूने याहून भक्कम मुद्दा नाही; तो स्वस्तात काम करतो की नाही, हा मुद्दा मी त्याच्या खूपच खाली ठेवीन.

दुसरा फायदा पाहणीच्या वेळीच दिसतो. उपग्रहाच्या छायाचित्रावरून दरपत्रक बनवणाऱ्याला छताचे क्षेत्रफळ अचूक कळते, परंतु शेजारचे झाड दरवर्षी किती वाढते, किंवा हिवाळ्यात सूर्य खाली असताना समोरच्या भिंतीची सावली कुठवर येते, हे त्याला कळतेच असे नाही. पॅनेल एका ओळीत जोडलेली असतात तेव्हा एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावलीही साऱ्या ओळीला भोवू शकते. सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे जाऊ देणारे पॅनेलमधील बायपास डायोड हे नुकसान कमी करतात, पण नाहीसे करत नाहीत. उष्णतेचेही तसेच आहे. पॅनेलवर छापलेली क्षमता 25 अंश सेल्सिअसला मोजलेली असते. छतावर घटांचे तापमान 60 अंशांवर गेले की प्रत्येक अंशामागे 0.3 ते 0.4 टक्के घट धरून दहा टक्क्यांहून अधिक वीज तिथेच कमी होते. म्हणून पॅनेल छताला चिकटवून न बसवता खालून वारा खेळेल एवढी जागा सोडावी लागते. त्या भागातील वारा, पाऊस, खारी हवा आणि छतांचे प्रकार यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध आहे, तो हे न सांगता पाहतो. निदान त्याने पाहायला हवे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, छोटा व्यावसायिक उद्या गाशा गुंडाळेल, मग हमी कुणाकडे मागायची? आक्षेप रास्त आहे, पण मोठेपणा हे त्याचे उत्तर नाही. एके काळी जगातील सर्वांत मोठ्या पॅनेल उत्पादकांत गणल्या गेलेल्या चीनच्या सनटेकची मुख्य उपकंपनी 2013 मध्ये दिवाळखोरीत गेली, जर्मनीच्या सोलरवर्ल्डने 2017 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि 1985 पासूनच्या अमेरिकेच्या सनपॉवरवर ऑगस्ट 2024 मध्ये तीच वेळ आली. शिवाय मोठ्या नावाखाली येणारी माणसे अनेकदा कंत्राटदाराची असतात, म्हणजे करार एकाशी आणि हातोडा दुसऱ्याच्या हातात. तेव्हा कंपनी टिकेल यावर भिस्त ठेवण्याऐवजी, ती नसतानाही कोणताही जाणकार वायरमन यंत्रणा हाती घेऊ शकेल अशी कागदपत्रे पहिल्याच दिवशी ताब्यात घ्यावीत. ओळींच्या जोडणीचा आराखडा, पॅनेल आणि इन्व्हर्टरचे अनुक्रमांक, ग्राहकाच्या नावाची मूळ हमीपत्रे आणि इन्व्हर्टरच्या देखरेख प्रणालीचा पासवर्ड ही ग्राहकाची मालमत्ता आहे. त्यासोबत प्रत्येक ओळीचा दाब, इन्सुलेशन आणि अर्थिंगचा रोध यांची काम पूर्ण झाल्या दिवशीची मोजमापेही लेखी असावीत, म्हणजे पुढे बिघाड झाल्यास तुलनेला आधार राहतो. पॅनेलच्या खालच्या बाजूची, छताला भोके पाडून ती बुजवतानाची छायाचित्रेही मागावीत. ही मागणी ऐकून ज्याच्या कपाळाला आठ्या पडतात, त्याला तो शेजारच्या गल्लीतला असला तरी काम देऊ नये.

म्हणूनच 'ओळखीचा माणूस आहे' एवढ्या भांडवलावर निवड करणे मला धोक्याचे वाटते. घरातील वायरिंग उत्तम करणाऱ्याला डीसीचे काम येतेच असे नाही. त्याचे प्रशिक्षण आणि परवाना स्वतंत्रपणे तपासावा लागतो. त्याने गेल्या महिन्यात केलेली कामे पाहून फारसे काही कळत नाही, नवी यंत्रणा सर्वांचीच चालते. चार-पाच वर्षांपूर्वीच्या ग्राहकांचे पत्ते मागावेत आणि त्यांना एवढेच विचारावे की बिघाड झाला तेव्हा तो आला का. त्याचे कामगार छतावर दोर आणि पट्टा वापरतात का, त्यांचा अपघात विमा आहे का, हेही विचारावे; यात संकोच कसला? आणि 'वीज गेल्यावर घरात काय चालेल?' या प्रश्नाचे उत्तर लक्ष देऊन ऐकावे. बॅटरी नसलेली, वीजजाळ्याला जोडलेली साधारण यंत्रणा वीज जाताच स्वतःला बंद करते, नाहीतर दुरुस्तीसाठी तारेवर काम करणाऱ्याच्या जिवाशी खेळ होईल. जो माणूस काम जाण्याची भीती न बाळगता हे सरळ सांगतो, त्याच्या इतर शब्दांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. 'सगळे चालेल' म्हणणाऱ्याशी पुढचे बोलणे वाचते.

राहता राहिला पैशांचा व्यवहार. छोट्या व्यावसायिकाकडे भांडवल कमी असते, साहित्य आणण्यासाठी त्याला आगाऊ रक्कम लागते, आणि ती देण्यात काही गैर नाही. मात्र हप्ते कामाच्या टप्प्यांशी बांधलेले असावेत: साहित्य जागेवर आल्यावर एक, सांगाडा उभा राहिल्यावर एक, आणि शेवटचा, सहज सोडून देता येणार नाही एवढ्या रकमेचा हप्ता वीज कंपनीचे मीटर लागून वर सांगितलेली कागदपत्रे हाती पडल्यानंतरच द्यावा. हे करारातच लिहिलेले असले म्हणजे मग मागताना कुणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

आपला,
एक वाचक