मरळीसाठी फोमची फ्लाय बांधताना

महोदय,

पावसाळा सरत आला की नागपूरच्या आसपासच्या तलावांत जलपर्णी आणि बेशरमाच्या कडेला मरळ वर येऊन हवा घेताना दिसते. अशा गचपणात तरंगती फोमची फ्लाय (गळावर फोम, पिसे बांधून केलेले खोटे आमिष) फार कामाची. घरी बांधताही येते. पण बांधणीतल्या चुकांनी ती फसते आणि दोष फोमला दिला जातो.

शाळेच्या प्रकल्पांसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती 2 मिमी जाडीची ईव्हीए फोमशीट घ्यावी. सोफ्याचा स्पंज पाणी पितो. थर्माकोल तर नकोच. मरळीच्या दातांनी त्याचे मणी सुटतात आणि तो कचरा तलावातच राहतो. शंका वाटल्यास तुकडा पाण्याखाली दाबून सोडावा; जड झाला तर बाद.

गळ 1/0 किंवा 2 नंबरचा, लांब दांड्याचा. दांड्यावर आधी दोऱ्याचा घट्ट थर आणि त्यावर सुपरग्लूचा थेंब. हा थर टाळला की फोम दांड्याभोवती फिरतो आणि फ्लाय पाण्यात कुशीवर पडते. शेपटीला कोंबड्याच्या मानेची पिसे, धुऊन वाळवलेली, उत्तम. फोमची पट्टी 10 मिमी रुंद, दांड्याच्या दीडपट लांब कापून मागच्या टोकाला बांधावी, दांड्यावर पिसाचे वेढे द्यावेत, मग पट्टी पाठीवरून पुढे आणून गळाच्या डोळ्याच्या (दोरी ओवायच्या कडीच्या) मागे आवळावी. दोऱ्याचे पहिले दोन वेढे सैल, नंतर हळूहळू ताण. एकदम ओढले की दोरा फोम कापतो, बारीक दोरा तर हमखास. पुढे 5 ते 6 मिमीचा ओठ उभा सोडावा. तोच पाणी खळखळवतो. ओठ मोठा झाला तर फेकताना फ्लाय गरगरते आणि तंगूसला (नायलॉनच्या दोरीला) पीळ बसतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फोम गळाच्या पोटात भरणे. टोक आणि दांडा यांच्यातली जागा मोकळी नसेल तर मरळ फ्लाय तोंडात घेते, पण गळ लागत नाही. फोम पाठीवरच राहिला पाहिजे. गवतात अडकू नये म्हणून 0.5 मिमी तंगूसचा फास मागून डोळ्यापर्यंत, टोकाच्या जरा खाली येईल असा बांधावा.

फ्लाय फेकायची काठी 8 नंबरची (नंबर तिला जुळणाऱ्या दोरीच्या वजनाचा), दोरीच्या पुढे जोडायची तंगूस सुमारे 2 मीटर, शेवटी किमान 0.40 मिमी जाडीची. गवतातल्या मोकळ्या पाण्याच्या खिडकीपलीकडे फेकून तरंग विरू द्यावेत, मग 10-15 सेंमी ओढ आणि थांबा. झडप दिसताच काठी उचलू नये. तंगूस हाताला जड लागेपर्यंत थांबून हातानेच दोरी खेचावी. नेम चुकला तरी फ्लाय पाण्यातच राहते आणि मरळ पुन्हा येऊ शकते.

तलाव मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असेल तर तिथल्या ढिवर बांधवांना आधी विचारावे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या पाण्यात मासेमारीला बंदी आहे. आणि पावसाळ्यात लालसर पिलांचा पुंजका पृष्ठभागावर दिसला तर तिथे फ्लाय टाकूच नये. खाली राखण करणारे आईबाप असतात. तेच उचलले तर पिले इतर माशांच्या पोटात जातात.

आपला,
एक वाचक, नागपूर