मंडपाला नको, टेबलाला सवलत द्या

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : पुण्यात भरणाऱ्या कॉमिक आणि पॉप-कल्चर मेळ्यांना द्यायच्या सरकारी सवलतींबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

‘कॉमिक कॉन’ हा शब्द आता पुण्यातल्या शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. असा मेळा भरवायचा म्हटले की मैदान स्वस्तात हवे, बंदोबस्ताचे शुल्क माफ हवे, फलकावर शासनाचे बोधचिन्ह हवे, अशा मागण्या ओघाने येतात. त्या मान्य करायला आमची हरकत नाही. मात्र सवलत मंडपाला देऊ नका, चित्रकार ज्यावर आपले काम मांडून विकतो त्या टेबलाला द्या. आमच्यात कॉमिक काढणारे आहेत, विकणारे आहेत, कॉस्प्लेचे, म्हणजे कॉमिक-चित्रपटांतल्या पात्रांसारखे, पोशाख करणारे आहेत आणि फाटकावर स्वयंसेवक म्हणून उभे राहणारेही आहेत. त्यामुळे पुढचे बरेचसे लिखाण रुक्ष हिशेबाचे आहे, ते सांभाळून घ्यावे.

अमेरिकेतल्या सॅन डिएगोचा कॉमिक कॉन मेळा १९७० साली एका हॉटेलात सुमारे ३०० लोकांनिशी सुरू झाला. १९९१ पासून तो तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये भरतो आणि हल्ली सव्वा लाखावर माणसे येतात. ही वाढ बरीचशी चित्रपट आणि मालिकांच्या जाहिरातबाजीने झाली. तिथल्या ‘हॉल एच’ या मोठ्या सभागृहात साडेसहा हजारांच्या आसपास खुर्च्या आहेत आणि त्यासाठी लोक आदल्या रात्रीच फुटपाथवर पथारी टाकतात. याच मेळ्यात ४४ वर्षे दुकान मांडणाऱ्या माइल हाय कॉमिक्स या कॉमिकविक्रेत्याने २०१७ साली रामराम ठोकला. खर्च चढत गेला आणि हॉलबाहेरच्या झगमगाटाने गिऱ्हाईक ओढून नेले. कॉमिकच्या नावाने भरलेल्या जत्रेत कॉमिकचाच दुकानदार परवडेनासा झाला, तो असा.

उलट टोकियोचे कॉमिकेट बघा. १९७५ साली ३२ गट आणि सातशेच्या आसपास माणसे. आज तिथे लाखांनी लोक येतात, पण मेळा अजूनही स्वतः छापलेली पुस्तके स्वतः विकणाऱ्यांच्या टेबलांभोवतीच फिरतो. विकणारा, विकत घेणारा आणि स्वयंसेवक या तिघांनाही तिथे ‘सहभागी’ म्हणतात. ‘ग्राहक’ हा शब्द मुद्दाम टाळतात. गर्दी वाढली म्हणून टेबल मागे पडलेच पाहिजे असे नाही. मागे पडायचे की नाही, हे नियम करणाऱ्यावर आहे.

आपल्याकडे २०११ साली दिल्ली हाटमध्ये पहिले कॉमिक कॉन झाले. २०२४ मध्ये कॉमिक कॉन इंडिया ही कंपनी गेमिंगमधल्या नॉडविनने विकत घेतली, शहरे वाढली आणि त्या फेरीत पुणेही आले. गेमिंगवाल्यांनी गेमिंगला मोठी जागा दिली तर त्यात गैर काही नाही, धंदा आहे तो. पण सरकारी मैदान आणि सरकारी सूट जिथे आली, तिथे आर्टिस्ट अ‍ॅलीचे, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांच्या ओळीचे, काय, हे विचारण्याचा हक्क आपल्यालाही आहे आणि आम्हालाही.

आता टेबलाचा हिशेब. समजा, सहा फुटी टेबलाचे दोन दिवसांचे भाडे ८,००० रुपये आहे. ए-३ आकाराचा, ३०० जीएसएमच्या जाड कागदावरचा प्रिंट ३०० रुपयांना विकला आणि छपाई, प्लास्टिकचे पाकीट, पुठ्ठा मिळून ६० रुपये गेले, तर हातात २४० राहतात. म्हणजे ३४ प्रिंट विकले की नुसते भाडे सुटते. प्रवास, जेवण आणि टेबलावर बसणाऱ्या दुसऱ्या माणसाचा खर्च त्यानंतर. छापील कॉमिकचे गणित याहून अवघड आहे. ३२ पानी रंगीत अंकाच्या शंभर-दोनशे प्रती डिजिटल छापल्या तर प्रतीचा खर्चच इतका येतो की किंमत दीडशेच्या आत ठेवणे जड जाते, आणि वाचक पन्नासची अपेक्षा धरून येतो. त्यामुळे चित्रकार नवी गोष्ट काढायचे सोडून दुसऱ्याच्या लोकप्रिय पात्रांचे पोस्टर आणि किचेन विकू लागतो. त्यात स्वामित्वहक्काचा प्रश्न आहे हे त्यालाही कळते. पण भाडे तेच काढून देते.

टेबलाची जागाही तितकीच महत्त्वाची. नकाशात आर्टिस्ट अ‍ॅली बहुधा शेवटी उरलेल्या पट्ट्यात जाते, म्हणजे एक तर खाऊगल्लीच्या पलीकडे, नाही तर मंचाच्या स्पीकरखाली. स्पीकरखाली बोलणे ऐकू येत नाही, आणि अनोळखी चित्रकाराचे पुस्तक दोन वाक्ये बोलल्याशिवाय खपत नाही. संध्याकाळी पाचनंतर मंडपात तिथे अंधार होतो, कारण टेबलाच्या भाड्यात विजेचा पॉइंट धरलेला नसतो. मैदान मातीचे असेल तर दुपारपर्यंत प्रत्येक प्रिंटवर धुळीचा थर. आणि सगळ्यात मोठे दुखणे म्हणजे मोबाइलचे नेटवर्क. हजारो लोक एका मैदानात आले की नेट बसते, यूपीआय अडकते, गिऱ्हाईक ‘येतो परत’ म्हणून जाते आणि परत येत नाही. दोन दिवसांपुरता फिरता टॉवर उभारणे मोबाइल कंपन्यांना नवे नाही, परवानगीतच ती अट घाला.

परराज्यातून येणाऱ्या एकट्या चित्रकाराला आणखी एक अडचण असते. कर लागणारा माल इथे विकायचा तर ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ म्हणून किमान पाच दिवस आधी नोंदणी करायची आणि अंदाजे कर आगाऊ भरायचा. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे, पण त्याच पुस्तकातले चित्र पोस्टर म्हणून विकले की कर लागतो. कायदा केंद्राचा आहे, तो बदला असे आम्ही म्हणत नाही. मेळ्याच्या पंधरा दिवस आधी राज्य जीएसटी कार्यालयाने पुण्यात एक मदतकक्ष उघडला तरी पुष्कळ झाले.

फाटकाची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण जिवावर बेतले तर तिथेच बेतेल. पिशवी आणि अंगझडतीला माणशी २० सेकंद धरले तर एका रांगेतून तासाला १८० माणसे आत जातात. दहा रांगांतून १,८००. दहा हजार लोकांना साडेपाच तास. हे झाले कागदावर. प्रत्यक्षात दहापैकी तीनच रांगा बायकांसाठी असतात आणि या मेळ्यांना निम्म्या मुली असतात. तीन रांगांतून तासाला ५४०, म्हणजे पाच हजार मुलींना नऊ तासांहून जास्त, तोवर मेळा संपला. पुरुषांच्या रांगा ओस आणि बायकांच्या रांगा रस्त्यावर, असे चित्र का दिसते याचे उत्तर या एका भागाकारात आहे. त्यात कॉस्प्लेअर त्याच रांगेत आला की पंख, चिलखत, तलवार तपासायला दोन-तीन मिनिटे जातात आणि मागचे सगळे खोळंबतात. म्हणून रांगा निम्म्या-निम्म्या हव्यात, कॉस्प्लेला वेगळे फाटक हवे आणि तिकिटावर वेळेचे टप्पे हवेत. गणपतीत लाखोंची गर्दी हलवणाऱ्या पुणे पोलिसांना हे शिकवायला नको, फक्त ते नियोजनाच्या पहिल्या बैठकीला हवेत, आदल्या संध्याकाळच्या पाहणीला नव्हे.

कॉस्प्लेच्या हत्यारांबद्दल गैरसमज फार आहेत. तलवार बहुधा पाच किंवा दहा मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमची असते. हीटगनने आकार दिलेली, कॉन्टॅक्ट ॲडेसिव्हने चिकटवलेली, मध्ये आधाराला पीव्हीसी पाइप. ती वाकते, कापत नाही. पण मेट्रोच्या तपासणीवरच्या रक्षकाने ती लांबूनच ओळखावी अशी अपेक्षा धरता येत नाही. यावर उपाय सोपा आहे. धातू, खरे पाते, खऱ्यासारखी दिसणारी बंदूक यांना सरसकट बंदी, आणि फोम किंवा थ्रीडी प्रिंटच्या वस्तूवर तपासणीनंतर रंगीत पट्टा. महामेट्रोला मेळ्याच्या तारखा आणि पट्ट्याचा नमुना आधी कळवला तर परतीच्या प्रवासातली हुज्जत टळेल.

कॉमिकेटमध्ये घरूनच पोशाख घालून येण्याला मनाई आहे, मेळ्याच्या जागीच कपडे बदलायचे. आपल्याकडे असा नियम करण्याआधी कपडे बदलायला जागा तरी द्यावी लागेल. मुलींसाठी वेगळी बंद खोली, आरसे, पुरेसे प्लग, सामान ठेवायला टोकनची सोय आणि शेजारी एक दुरुस्तीचे टेबल. त्यावर ग्लूगन, फेविक्विक, डबल टेप, सेफ्टी पिना. हा खर्च बोहरी आळीतल्या एका फेरीत भागतो. फोमच्या चिलखतात हवा खेळत नाही, तेव्हा पाण्याची टाकी याच खोलीजवळ ठेवा.

न्यूयॉर्कच्या मेळ्यात २०१४ साली ठळक फलक लागले : कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे. फलक आपल्याकडेही लागतील. पण तक्रार कोणाकडे करायची, हे तिकिटावर छापलेले हवे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आयोजकाला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहेच. तिच्या एका सदस्याने दोन्ही दिवस मैदानात बसावे. कॉस्प्ले करणाऱ्यांत अठराच्या आतल्या मुली पुष्कळ असतात, त्यामुळे ‘दोघांनी आपसात मिटवून घ्या’ हे तर चालणारच नाही.

पैशाबद्दल थोडक्यात. २०१८ साली अमेरिकेत बाल्टिमोरचे युनिव्हर्सल फॅनकॉन हा असाच मेळा आठवडाभर आधी बारगळला, तेव्हा लोकांची विमानतिकिटे आणि चित्रकारांची छपाई दोन्ही होऊन गेली होती. म्हणून तिकिटाची आणि टेबलभाड्याची रक्कम मेळा होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवायला लावा. फ्रान्समध्ये अंगुलेमचा चित्रकथा महोत्सव बऱ्याच अंशी सरकारी पैशावर चालतो, पण चालवायला खासगी कंपनीकडे होता. २०१६ साली त्याच्या मानाच्या पुरस्कारासाठी निवडलेल्या ३० नावांत एकही स्त्री नव्हती. वाद साचत गेले आणि अखेर चित्रकारांच्या बहिष्कारानंतर २०२६चा महोत्सवच रद्द झाला. पैसे देऊन झाल्यावर अटी आठवल्या तर उपयोग नसतो.

राज्याच्या एव्हीजीसी-एक्सआर (ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि एक्सटेंडेड रिॲलिटी) धोरणाला मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. त्या लांबलचक नावातला ‘सी’ कॉमिक्सचा आहे आणि सगळ्यांत स्वस्तही तोच. त्याला स्टुडिओ लागत नाही, टेबल लागते. हिंदी कॉमिकमधल्या नागराजला रूप देणारे प्रताप मुळीक मराठी होते, ‘चिंटू’ ही चित्रमालिका १९९१ साली पुण्याच्या वर्तमानपत्रातच जन्मली. तरीही मराठी कॉमिकला मेळ्यात शोधावे लागते. साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेत चित्रकथा हा स्वतंत्र प्रकार धरावा. ते मंडळ मराठी भाषा विभागाकडे आहे, आपल्याकडे नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण दोन्ही खाती एकाच मंत्रालयात बसतात.

सवलतीच्या करारात एवढे लिहून घ्या : एकूण टेबलांपैकी निदान चौथा हिस्सा स्वतःचे कॉमिक घेऊन येणाऱ्यांना, त्यातली निम्मी टेबले मराठीला, भाडे ३,००० रुपयांच्या वर नाही, वीज त्यातच, आणि ही ओळ मुख्य फाटकातून आत येताच पहिली. मैदानाचा नकाशा मंजुरीला येईल तेव्हा आमच्यापैकी दोघांना बोलावले तर मोजपट्टी घेऊन येऊ.

आपले,
पुण्यातील काही चित्रकार, कॉस्प्लेअर आणि कॉमिकवाचक